जुनी बल्क फिल्म, जुने कॅमेरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटात सापडलेला डबा, शूटिंग संपल्यावर उरलेला रॉ स्टॉक (न वापरलेली सिनेमाची फिल्म), लेबल फाटलेली गुंडाळी, जुन्या बाजारातून आणलेली मायक्रोफिल्म. या सगळ्यांबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न ४ वाचल्याशिवाय डब्याला कात्री लावू नका.

१. बल्क फिल्म म्हणजे नेमकं काय? एका डब्यातून किती रोल निघतात?

कॅसेटमध्ये न भरलेली, मोठ्या लांबीची सलग फिल्म. फोटोग्राफीसाठीची ३५ मिमी फिल्म बहुधा १०० फुटांच्या, म्हणजे ३०.५ मीटरच्या डब्यात येते. सिनेमाचा रॉ स्टॉक ४०० आणि १००० फुटांचा असतो.

एक फ्रेम आणि पुढची फट मिळून ३८ मिमी, म्हणजे आठ छिद्रं. ३६ फ्रेमचे १.३७ मीटर होतात. त्यात सुरुवातीची जीभ आणि शेवटचं टोक धरून २८ सेंटीमीटर मिळवा. म्हणजे ३६ फोटोंच्या रोलला १.६५ मीटर, २४ ला १.२ मीटर आणि १२ ला ७५ सेंटीमीटर. या हिशेबाने १०० फुटांत १८ रोल निघतात, ४०० फुटांत सुमारे ७३. वाया जाणारे तुकडे धरले की एखाद-दोन कमीच.

२. सामान काय लागतं? बल्क लोडर घ्यायलाच हवा का?

नाही. पूर्ण अंधार, पुन्हा भरता येणाऱ्या कॅसेट, कात्री, मास्किंग टेप आणि फळीवर १६५ सेंटीमीटर अंतरावर ठोकलेले दोन खिळे एवढ्यावर काम होतं. अंधारात मोजपट्टी दिसत नाही, खिळा मात्र बोटाला लागतो. सेलोटेप टाळा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा गोंद पाघळून फिल्मच्या कडेला चिकटतो.

लोडरचा खरा फायदा असा की डबा एकदाच अंधारात भरायचा, पुढचे सगळे रोल उजेडात. कॅसेट नसतील तर जिथे रोल धुतले जातात तिथे रिकाम्या मागा. फिल्मचं दोन-तीन सेंटीमीटर शेपूट बाहेर राहिलेली कॅसेट मिळाली तर उत्तम. नवी फिल्म त्या शेपटाला दोन्ही बाजूंनी टेपने जोडायची, कॅसेट उघडावीही लागत नाही. मात्र अशी कॅसेट दोन-तीनदाच वापरा. तोंडाच्या मखमलीत धूळ बसते आणि मग ओरखडे येतात (प्रश्न ७).

३. डब्यावरची मुदत वीस-तीस वर्षांपूर्वीच संपली आहे. फिल्म मेली असेल ना?

कृष्णधवल असेल तर बहुधा नाही. फिल्म म्हातारी होते तशा तीन गोष्टी घडतात: संवेदनशीलता घटते, कॉन्ट्रास्ट उतरतो आणि उजेड न लागलेल्या जागेवरही धुरकट काळेपणा चढतो. या काळेपणालाच फॉग म्हणतात. खरा शत्रू तोच. संवेदनशीलता घटली तर जास्त उजेड देऊन भरपाई करता येते, फॉगला तो उपाय नाही.

फिल्म जितकी वेगवान, म्हणजे तिचं आयएसओ (संवेदनशीलतेचा आकडा) जितकं जास्त, तितकी लवकर बिघडते. ५० किंवा १०० आयएसओची कृष्णधवल फिल्म थंड जागी तीस वर्षं सहज निभावते. त्याच कपाटातली ४०० ची फिल्म राखाडी झालेली असेल. रंगीत फिल्मचे तीन थर तीन वेगवेगळ्या गतीने म्हातारे होतात, म्हणून रंग तिरपे जातात आणि छपाईत पूर्ण सुधारत नाहीत. रंगीत स्लाइड फिल्म सगळ्यात नाजूक.

डब्यावरच्या तारखेपेक्षा तो कुठे ठेवला होता हे जास्त महत्त्वाचं. पत्र्याखालच्या माळ्यावर दहा वर्षं राहिलेली फिल्म फ्रिजमधल्या तीस वर्षांच्या फिल्मपेक्षा वाईट निघू शकते.

४. लेबल नाही किंवा वाचता येत नाही. आत काय आहे ते कसं ओळखायचं?

इथे घाई केली तर पुढचे अठरा रोल वाया. चाचणीला एक-दीड मीटर फिल्म जाते, ती जाऊ द्या. सगळ्यात बाहेरच्या एक-दोन वेढ्यांवर आणि कडांवर हवा आणि दमटपणा यांचा मारा जास्त असतो, त्यामुळे पहिला मीटर सोडून पुढची फिल्म तपासा. तो मीटर फेकू नका, कॅमेऱ्यातून फिल्म सरकते का हे पाहायला उपयोगी पडतो.

अंधारात पाच-पाच सेंटीमीटरचे दोन तुकडे कापा.

पहिला तुकडा उजेडात आणून थेट फिक्सरमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या हायपोत टाका. काही मिनिटांत तो स्वच्छ होतो. पारदर्शक किंवा हलका राखाडी आधार दिसला तर ती कृष्णधवल. नारिंगी दिसला तर रंगीत निगेटिव्ह. मागची बाजू काळीच राहिली आणि ओल्या बोटाला काजळीसारखं लागलं तर तो रेमजेटचा थर आहे. तुमच्या हातात सिनेमाची रंगीत निगेटिव्ह आहे असं समजा आणि प्रश्न ११ कडे जा. स्वच्छ व्हायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. त्याच्या दुप्पट वेळ हा तुमचा फिक्सिंगचा वेळ.

दुसरा तुकडा उजेड न दाखवता डेव्हलप करा, मग फिक्स करा. दोन्ही तुकडे सुकवून वर्तमानपत्रावर शेजारी ठेवा. दोघांतला फरक म्हणजे वयाचा फॉग. दुसऱ्या तुकड्यातून बातमीची बारीक अक्षरं सहज वाचता आली तर फिल्म वापरण्याजोगी. फक्त मथळे वाचता येत असतील तर प्रश्न १८ मधले उपाय करून पाहा. मथळेही दिसत नसतील तर ती गुंडाळी लोडरचा सराव करायला ठेवा.

त्यानंतर ७५ सेंटीमीटरचा छोटा रोल भरून एकाच दृश्याचे सहा फोटो काढा: अंदाजी आयएसओला एक, मग एकेक स्टॉप जास्त उजेड देत, म्हणजे दर वेळी दुप्पट करत, चार आणि एक स्टॉप कमी देऊन एक. दृश्यात काळं कापड, पांढरं कापड आणि माणसाचा चेहरा असावा. काळ्या कापडाच्या घड्या ज्या फ्रेममध्ये पहिल्यांदा दिसू लागतील, ते त्या डब्याचं खरं आयएसओ. डब्यावर मार्करने लिहा.

५. लोडरमध्ये फिल्म आणि कॅसेटमध्ये रोल भरण्याच्या पायऱ्या सांगाल?

अंधारात: डबा उघडा, काळ्या पिशवीतून गुंडाळी काढा आणि टोक प्रकाशरोधक फटीतून बाहेर घेऊन लोडरच्या झाकणाला पूर्ण आटे द्या. गुंडाळी सैल वाटली तरी टोक ओढून ती आवळू नका. वेढे एकमेकांवर घासतात आणि बारीक तिरपे चरे उमटतात. गुंडाळी ४०० फुटांची असेल तर आधी तिचे भाग करावे लागतात. रिकाम्या गाभ्यावर फिल्म गुंडाळत जा आणि मधूनमधून १०० फुटांच्या रिकाम्या डब्यात बसते का पाहा. डब्यात बसली की लोडरमध्येही बसते.

उजेडात: बाहेर आलेलं टोक सरळ कापा. कॅसेटच्या दांडीला ते चार सेंटीमीटर टेपने, दोन्ही बाजूंनी वळवून चिकटवा. टेप तिरकी लागली तर रोल एका कडेला चढतो आणि रिवाइंड करताना अडकतो. दिशा चुकते का याची शंका असेल तर कारखान्यातून आलेला रोल शेजारी ठेवा: दांडीचं लांब टोक खाली आणि फिल्म उजवीकडे धरली की चकचकीत बाजू तुमच्याकडे यायला हवी. इमल्शनची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थराची मंद बाजू आत.

कॅसेट बंद करा, लोडरचं दार लावा, काउंटर शून्यावर आणा आणि सावकाश फिरवा. सावकाश म्हणजे खरोखर सावकाश. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत भरभर फिरवलं तर स्थिर विजेच्या ठिणग्या पडतात आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा येतात. हव्या तेवढ्या फ्रेम झाल्या की दार उघडा, पाच-सहा सेंटीमीटर जीभ ठेवून कापा आणि जिभेची अर्धी रुंदी छाटा. खालून फिल्म भरायच्या कॅमेऱ्यांना, म्हणजे लायका ३ किंवा झोर्की १ ला, जीभ दहा सेंटीमीटरची हवी. नाहीतर फिल्म शटरच्या पडद्यापाशी अडकते.

३६ च्या पुढे लोभ नको. कॅसेट गच्च झाली की फिल्म ओढताना चरे पडतात आणि छिद्रं फाटतात.

६. प्रत्येक रोलचे शेवटचे एक-दोन फोटो निगेटिव्हवर पूर्ण काळे का येतात?

कॅसेटला टेप लावताना लोडरच्या फटीपासून दांडीपर्यंतची सहा-आठ सेंटीमीटर फिल्म उजेडात असते. कॅमेऱ्यात तीच सर्वांत शेवटी येते. बिघाड कुठलाच नाही, लोडरची रचनाच तशी आहे. ३६ हून लहान रोल असेल तर दोन फ्रेम जास्त भरा, आणि ३६ च्या रोलवर ३४ नंतर महत्त्वाचं काही काढू नका. खिळ्यांच्या पद्धतीने अंधारात भरलं तर हे नुकसान होत नाही.

७. संपूर्ण रोलभर एक सरळ रेघ येते. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा आधी दोषी धरू नका. रोलभर एकाच उंचीवर जाणारी रेघ म्हणजे फिल्म एका जागच्या कणावरून घासत गेली. संशयितांची यादी: कॅसेटच्या तोंडाची मखमल, लोडरची मखमल, मग कॅमेऱ्याची दाबपट्टी. नवी कॅसेट घालून बघा. रेघ गेली तर प्रश्न मिटला.

वॉटसनच्या लोडरमध्ये मखमल नसते, फाटक असतं. बाहेरचं चाक फिरवून ते उघडायचं, मग रोल भरायचा. उघडायला विसरलात तर ओरखडे, लावायला विसरलात तर अख्ख्या गुंडाळीवर उजेड. दुसरी चूक महाग पडते, म्हणून लोडरवर मोठ्या अक्षरात ‘फाटक’ लिहून ठेवणारे लोक शहाणेच म्हणायचे.

८. ‘दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त द्या’ हा नियम खरा का?

रंगीत निगेटिव्हसाठी सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक. कमी आयएसओच्या कृष्णधवल फिल्मला तो फार कडक आहे. तिला वीस वर्षांना एक स्टॉप पुरतो. स्लाइडला हा नियम लावू नका, जास्त उजेडाने ती धुवून निघाल्यासारखी फिकट होते. तीन स्टॉपच्या पलीकडे जाण्यातही अर्थ नाही, कारण तोपर्यंत फॉगनेच निगेटिव्ह भरलेली असते. प्रश्न ४ ची चाचणी कुठल्याही नियमापेक्षा भरवशाची.

९. डब्यावर ओर्वो एनपी २० लिहिलंय, एकावर ‘इंदू’. हे किती आयएसओ?

ओर्वो हे पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचं नाव. तिथल्या आकड्यांत आयएसओ नसून डिन असतं. २१ डिन म्हणजे १०० आयएसओ, आणि दर तीन अंकांना संवेदनशीलता दुप्पट. त्यानुसार एनपी २० म्हणजे ८०, एनपी २२ म्हणजे १२५ आणि एनपी २७ म्हणजे ४००.

‘इंदू’ ही उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची छाप. ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिचं उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं. कारखाना बंद पडून वर्षं लोटली आहेत, त्यामुळे इंदूचा प्रत्येक डबा मुदतबाह्य समजूनच चाला. शिवाय या नावाने सिनेमाची पॉझिटिव्ह, एक्स-रे फिल्म आणि कागदही निघत. डब्यावर ‘पॉझिटिव्ह’ असेल तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठी.

आणखी एक खाच: १९६० पूर्वीच्या डब्यांवरचं एएसए (आयएसओच्या आधीचं मोजमाप) जवळपास निम्मं छापलेलं असे, कारण त्यात एका स्टॉपची सुरक्षितता मिळवलेली होती. त्या साली मोजण्याची पद्धत बदलली आणि तीच फिल्म कागदोपत्री दुप्पट वेगवान झाली.

१०. सिनेमाची कृष्णधवल पॉझिटिव्ह फिल्म कॅमेऱ्यात चालते का?

चालते आणि गंमतही येते, फक्त तिचा स्वभाव ओळखून वागा. ही फिल्म निगेटिव्हवरून प्रत काढण्यासाठी बनवलेली. तिला लाल-पिवळं दिसत नाही, मुख्यतः निळंच दिसतं. आकाश पांढरंफटक येतं. कुंकू काळं, भगवा झेंडा काळा, झेंडूचा हारही काळपट. त्वचेवरचे डाग आणि सुरकुत्या ठळक होतात. माणसांचे फोटो काढण्याआधी त्यांना तशी कल्पना द्या.

कोडॅकची २३०२ साधारण ३ ते ६ आयएसओ धरून वापरतात. जुन्या कॅमेऱ्यांची चकती इतकी खाली जात नाही. २५ वर ठेवा आणि दोन स्टॉप जास्त उजेड द्या, म्हणजे ६ झालं. भर दुपारच्या उन्हात हे एफ/५.६ ला १/५० सेकंदाच्या आसपास येतं, म्हणजे हातात धरूनही फोटो निघतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात संवेदनशीलता आणखी घसरते, कारण त्या उजेडात निळं फार कमी असतं.

फायदा असा की ती लाल सेफलाइटमध्ये भरता येते आणि ट्रेमध्ये डोळ्यांदेखत धुता येते. कागदाच्या डेव्हलपरमध्ये कॉन्ट्रास्ट भरमसाट चढतो. राखाडी छटा हव्या असतील तर डी-७६ हा फिल्मचा डेव्हलपर बराच पातळ करून वापरा. तिचा आधार बहुधा पॉलिएस्टरचा असतो, त्यामुळे प्रश्न १३ वाचूनच कॅमेऱ्यात घाला.

११. रंगीत सिनेमा निगेटिव्ह नेहमीच्या लॅबमध्ये देऊ का?

मागे रेमजेट असेल तर देऊ नका. रेमजेट म्हणजे पाठीवरचा काजळीचा थर. उजेड परावर्तित होऊ नये, स्थिर वीज साचू नये आणि चरे पडू नयेत म्हणून तो असतो. सी-४१ च्या, म्हणजे लॅबमधल्या नेहमीच्या रंगीत प्रक्रियेच्या यंत्रात तो सुटतो, रसायनं काळी करतो आणि दुसऱ्यांच्या रोलवर जाऊन बसतो. सांगून दिलं तरी बहुतेक जण नकार देतात, आणि न सांगता देणं हा निव्वळ अप्रामाणिकपणा. कोडॅकने २०२५ मध्ये व्हिजन३ मालिकेत रेमजेट नसलेली फिल्म आणली, पण जुन्या डब्यांत तो असणारच.

घरी काढायचा तर कोडॅकच्या पूर्वस्नानाचं सूत्र असं: एक लिटर पाण्यात टाकणखार २० ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फेट १०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १ ग्रॅम. कॉस्टिक हातमोजे घालून, थंड पाण्यात, शेवटी टाका. सल्फेट का? त्याने जिलेटिन फुगत नाही, म्हणून काजळी सुटते पण इमल्शनमध्ये शिरत नाही. एवढं सामान नसेल तर ४० अंशांच्या लिटरभर पाण्यात टेबलस्पूनभर खाण्याचा सोडा टाकूनही काम निघतं, मात्र शेवटी पुसायला जास्त लागतं.

टाकीत द्रावण ओतून मिनिटभर थांबा, मग अर्धा मिनिट जोरात हलवा. ओतताना शाईसारखं काळं पाणी येईल. त्याच तापमानाच्या पाण्याने चार-सहा वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळा. मग डेव्हलपर. शेवटच्या धुण्यानंतर फिल्म टांगून ओल्या मऊ स्पंजने फक्त चकचकीत बाजू वरून खाली एकदाच पुसा. इमल्शनला स्पर्श झाला तर काजळी तिथेच रुतते आणि फोटोवर पांढरे ठिपके देते.

या फिल्मची मूळ प्रक्रिया ईसीएन-२. सी-४१ मध्ये धुतली तर कॉन्ट्रास्ट वाढतो आणि रंग थोडे तिरके जातात. स्कॅन करणार असाल तर चालून जातं. ‘टी’ अक्षराची फिल्म, जसं ५००टी, पिवळ्या दिव्यांसाठी असते. उन्हात ८५ नंबरचा नारिंगी फिल्टर लावून ती ३२० आयएसओ धरा.

१२. मग सिनेमाच्या फिल्ममध्ये नवशिक्यांनी काय घ्यावं?

कोडॅकची कृष्णधवल डबल-एक्स, ५२२२. १९५९ पासून चालू आहे, रेमजेट नाही, दिवसाच्या उजेडात २५० आणि बल्बखाली २०० आयएसओ. डी-७६ मध्ये २० अंशांना ७-८ मिनिटांपासून चाचणी सुरू करा. ओर्वोची यूएन ५४ (१०० आयएसओ) हाही साधा, समजूतदार पर्याय.

१३. ‘पॉलिएस्टर फिल्म कॅमेरा मोडते’ हे खरं आहे का?

अर्धं खरं. ॲसिटेटची फिल्म ताण आला की फाटते, पॉलिएस्टर फाटत नाही. रोल संपला हे न कळता लिव्हर जोरात ओढला तर जुन्या कॅमेऱ्याचे दातेरी चाक आणि क्लच यांच्यावर तो जोर जातो. उपाय साधा: किती फ्रेम भरल्या ते कॅसेटवर लिहा आणि लिव्हर जड लागला की थांबा.

दुसरी अडचण जास्त फसवी. पारदर्शक पॉलिएस्टर काचेच्या तंतूसारखा उजेड आत वाहून नेतो. बाहेर असलेल्या जिभेतून उजेड कॅसेटमध्ये शिरतो आणि पहिल्या काही फ्रेमवर छिद्रांची सावली उमटते. सावलीत किंवा चेंजिंग बॅगमध्ये कॅमेरा भरा आणि भरलेले रोल काळ्या डबीत ठेवा.

ओळखायचं कसं? वाया गेलेल्या फिल्मची छोटी गुंडाळी कडेने दिव्यासमोर धरा. आरपार उजेड झिरपला तर पॉलिएस्टर, काळोखी दिसली तर ॲसिटेट.

१४. डबा उघडताच आंबट वास आला. वापरू का?

व्हिनेगरसारखा वास म्हणजे ॲसिटेटचा आधार कुजतो आहे. फिल्म आक्रसते, वाकडी होते आणि छिद्रांचं अंतर कॅमेऱ्याच्या दात्यांशी जुळत नाही. मोजून पाहा: एका छिद्राच्या कडेपासून पुढे ६३ छिद्रांचं अंतर शाळेच्या ३० सेंटीमीटर पट्टीएवढं, जास्तीत जास्त दीड मिलिमीटर कमी भरायला हवं. तीन मिलिमीटरहून जास्त कमी पडलं तर कॅमेऱ्यात घालू नका. वास येणारा डबा इतर फिल्मजवळही ठेवू नका, ही कीड वाफेतून पसरते.

फिल्मच्या कडेला ‘नायट्रेट’ असं इंग्रजीत छापलेलं दिसलं, किंवा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा अथवा त्याआधीचा ३५ मिमी सिनेमाचा डबा असून कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द नसला, तर ती फिल्म वापरायचा विचार सोडा. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन तयार करतं, पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून कितीतरी रिळं गेली. तुकडा जाळून बघण्याची ‘चाचणी’ कुणी सुचवली तर ऐकू नका. डबा मोकळ्या, थंड जागी ठेवा आणि अग्निशमन दलाला विचारून विल्हेवाट लावा.

१५. माझ्या ३५ मिमी मायक्रोफिल्मला छिद्रंच नाहीत. काय करता येईल?

बऱ्याच ३५ मिमी कॅमेऱ्यांत फिल्म दातेरी चाक फिरवते आणि त्यावरच शटर चढतं. छिद्रं नसतील तर तिथे काहीच हलत नाही. ही फिल्म प्रश्न १६ मधल्या पद्धतीने १२० च्या, म्हणजे पाठीला कागद असलेली रुंद फिल्म घेणाऱ्या कॅमेऱ्यात घाला.

मायक्रोफिल्मचा दुसरा गुण म्हणजे काळं नाहीतर पांढरं. कागदपत्रांसाठी ती तशीच बनवतात. राखाडी छटा काढायला पोटा हा मवाळ डेव्हलपर लागतो: एक लिटर पाण्यात फेनिडोन १.५ ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट ३० ग्रॅम. फेनिडोन थंड पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या गरम पाण्यात घ्या. द्रावण टिकत नाही, त्याच दिवशी वापरून टाका. आयएसओ २५ किंवा त्याहून खाली धरा. दाणा मात्र असा बारीक मिळतो की एवढी खटपट वसूल होते.

१६. आग्फा क्लिक ३ मध्ये ३५ मिमी फिल्म घालता येते का?

येते, आणि छिद्रांच्या पट्टीवरही चित्र उमटतं. भारतात बनलेला हा साधा कॅमेरा १२० च्या रोलवर ६×६ चे बारा फोटो काढतो. सगळ्यात सोपी युक्ती: वापरलेल्या १२० रोलचा पाठीचा कागद आणि स्पूल जपून ठेवा. अंधारात ८० सेंटीमीटर ३५ मिमी फिल्म कागदाच्या मधोमध, मूळ फिल्म जिथून सुरू होत होती तिथून, फक्त पुढच्या टोकाला टेप लावून गुंडाळा. मागचं टोक मोकळंच ठेवा. दोन्ही टोकं चिकटवली तर मध्ये फुगवटा येतो. फिल्म सुरू करायची जागा उजेडातच कागदावर टेपचा जाड तुकडा लावून आधी ठरवून ठेवा.

कागद असल्यामुळे लाल खिडकीतले आकडे नेहमीसारखे दिसतात. नुसती कॅसेट अडॅप्टर लावून घातलीत तर खिडकी काळ्या टेपने बंद करा, कारण आजची फिल्म लाल उजेडालाही संवेदनशील असते. मग फेऱ्या मोजूनच पुढे जावं लागतं, आणि गुंडाळी जाड होत जाते तशा फेऱ्या कमी लागतात.

१७. माझा कॅमेरा ६२० किंवा १२७ चा आहे. त्या फिल्म तर मिळत नाहीत.

६२० ची फिल्म आणि कागद म्हणजे १२० च, फक्त स्पूलची दांडी आणि कडा बारीक. अंधारात १२० चा रोल रिकाम्या स्पूलवर उलटा घ्या आणि तिथून ६२० च्या स्पूलवर. मधे जिथे फिल्म कागदाला चिकटवलेली असते तिथे फुगवटा येईल. टेप सोडवून पुन्हा सपाट लावा. हा एक टप्पा गाळला की बारापैकी निम्मे फोटो धूसर.

१२७ ची रुंदी ४६ मिमी. १२० ची फिल्म ६१.५ मिमी असते, ती कापण्यासाठी ब्लेडचा साचा लागतो. साचा बनवण्याची हौस नसेल तर हा रस्ता सोडा.

१८. फॉग आहे पण फिल्म टाकवत नाही. धुताना काही करता येईल का?

तीन गोष्टी करा. एक, जोरकस डेव्हलपरमध्ये कमी वेळ. एचसी-११० चं बी प्रमाण यासाठी चांगलं. तासभर न हलवता ठेवण्याची पद्धत जुन्या फिल्मला वापरू नका, तिने फॉगच पोसला जातो. दोन, फॉग रोखणाऱ्या बेन्झोट्रायझोलचं १ टक्का द्रावण डेव्हलपरच्या लिटरला १० मिली. याने संवेदनशीलताही अर्धा-एक स्टॉप उतरते, तेव्हा उजेड आधीच जास्त दिलेला हवा. तीन, तापमान २० अंश.

तिसरी गोष्ट आपल्याकडे सर्वांत अवघड. मे महिन्यात नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. बर्फ पिशवीत घालून बाहेरच्या बादलीत ठेवा, डेव्हलपरमध्ये टाकू नका. ते पातळ होतं. २४ अंशांवर डी-७६ चा वेळ साधारण ३० टक्क्यांनी कमी करा. पाच मिनिटांच्या खाली गेलात तर पट्टे पडतात, तिथे १+१ पातळ करा. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं ठेवा. जुन्या जिलेटिनला अचानक झटका बसला की ते सुरकुततं.

१९. कॅमेरा स्वतःच आयएसओ वाचतो. भरलेल्या कॅसेटचं काय?

कॅसेटवर डीएक्सची, म्हणजे कॅमेऱ्याला आयएसओ सांगणारी चंदेरी पट्टी नसेल तर बहुतेक कॅमेरे १०० धरतात, काही २५. हवं ते आयएसओ असलेली जुनी कॅसेट वापरा किंवा एक्स्पोजर भरपाईची चकती फिरवा.

२०. कोडाक्रोम आणि सी-२२ च्या जुन्या रोलचं काय करायचं?

कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मची के-१४ प्रक्रिया २०१० च्या अखेरीस जगभर बंद झाली. रंग आता मिळणार नाहीत. कृष्णधवल डेव्हलपरमध्ये धुऊन चित्र काढता येतं, फक्त तिलाही रेमजेट असतो (प्रश्न ११). सी-२२ ची रंगीत निगेटिव्ह २४ अंशांच्या रसायनांसाठी बनलेली होती. सी-४१ च्या ३८ अंशांत तिचं इमल्शन सुटू शकतं. तीही कृष्णधवलच धुवा. आत कुटुंबाचे फोटो असण्याची शक्यता असेल तर आधी प्रश्न ४ मधला पहिला तुकडा सुरुवातीच्या जिभेचाच घ्या.

२१. उरलेला डबा पावसाळ्यात कसा ठेवू?

काळ्या पिशवीत, मग डब्यात, डब्याच्या सांध्यावर टेप, त्यावर झिप पिशवी आणि तिच्यात सिलिका जेल. हे सगळं पाऊस सुरू होण्याआधी, कोरड्या दिवशी बंद करा. जुलैत कोकणात डबा बंद केलात तर आतली दमट हवाही आतच राहते आणि जिलेटिनवर बुरशी धरते. नंतर फ्रिजमध्ये. वापरण्याच्या आदल्या रात्री बाहेर काढा आणि सकाळपर्यंत पिशवी उघडू नका. थंड गुंडाळीवर दव धरलं की वेढे एकमेकांना चिकटतात, आणि ते सुटताना इमल्शनचे तुकडे घेऊनच सुटतात.